गाठीचा ताप आणि काचेची पट्टी



सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना वय विचारले तर ती सन सांगत नसत. कोणी पहिल्या प्लेगात रांगत होते, कोणाचा थोरला भाऊ पुढच्या प्लेगात गेला होता, कोणाचे लग्न माळावरच्या झोपडीत लागले होते. असा त्यांचा हिशेब असे. आमच्या लहानपणी अशा आज्या घरोघर होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास यायची. उंदीर पडला, की गाव उठायचे.

उंदीर पडणे म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवे. आढ्यावरून किंवा माळ्यावरून घरातला उंदीर भर दिवसा झिंगत खाली येई, माणसाला भीत नसे, आणि दोन-चार गिरक्या घेऊन मरून पडे. एक पडला की दुसऱ्या घरात दुसरा. बातमी तासाभरात गावभर होई. मग बैलगाडीत धान्याची पोती, भांडी, अंथरुणे आणि म्हातारी माणसे घालून लोक शेतात नाहीतर गावाबाहेरच्या माळावर पालापाचोळ्याच्या झोपड्या घालून राहत. महिना, दोन महिने, कधी त्याहूनही जास्त. वेशीच्या आत पाऊल टाकायचे नाही. जे हट्टाने मागे राहत त्यांच्यापैकी कोणाच्या तरी जांघेत, काखेत नाहीतर मानेला गाठ येई, ताप चढे, आणि चार-सहा दिवसांत सगळा खेळ आटपे.

या माणसांनी सूक्ष्मदर्शक यंत्र पाहिलेले नव्हते. जंतू हा शब्दही पुष्कळांच्या कानावर नव्हता. तरीपण उंदराचे मरण आणि माणसाचे मरण यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला होता, आणि तो संबंध नीट मान्य करायला मोठमोठ्या डॉक्टरांनी दहा-एक वर्षे घेतली. मग प्रयोगशाळेने केले तरी काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. आजचा विषय तोच आहे. रोगजंतू शोधायचा म्हणजे नेमके काय करायचे, त्यात चूक कुठे शिरते, आणि चुकीची किंमत कोण मोजतो, हे प्लेगच्या कहाणीत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना ही कहाणी वर्गात उपयोगी पडेल. ज्यांची मुले-मुली आज नर्सिंगचे नाहीतर प्रयोगशाळेचे शिक्षण घ्यायला मिरजेला किंवा कऱ्हाडला जातात, त्या आईबापांनाही आपले लेकरू तिथे काचेच्या पट्ट्या घेऊन काय करते ते कळेल.

आधी प्लेग आपल्याकडे आला कसा ते पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखार म्हटली की उंदीर आलेच. शहरात माणसे पटापट मरू लागली, तशी मुंबईतून लोकांची रीघ लागली. जो तो आपल्या गावाकडे निघाला. पुण्याहून सातारा रोड, कऱ्हाडवरून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा नवाच होता, १८९० च्या सुमाराचा. माणूस गाडीतून उतरे, बरोबर वळकटी, गोणपाट, धान्याचे गाठोडे. त्या गाठोड्यातून आणखी काय उतरत होते हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या काळचा सातारा जिल्हा फार मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. खुद्द सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. तर त्या जुन्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वाढण्याऐवजी सुमारे सहा टक्क्यांनी घटली. दुष्काळ होताच, पण प्लेगचा वाटाही मोठा होता.

याच जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीचा बळी या रोगाने अगदी पहिल्याच वर्षी घेतला. सावित्रीबाई फुले यांचा जन्म नायगावला १८३१ मध्ये झाला, हे शिक्षकवर्गाला सांगायला नकोच. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला तेव्हा त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळच्या ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथवर आणले. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या मार्च महिन्यात जगातला मोठ्यात मोठा डॉक्टर आला असता तरी नेमके कशापासून जपायचे हे तो त्यांना सांगू शकला नसता. जंतू सापडून तोवर तीन वर्षे होत आली होती बरे का! पण जंतू दिसणे आणि त्याची वाट कळणे यांत अंतर असते.

जंतू सापडला तो हाँगकाँगला, १८९४ च्या जूनमध्ये. ही हकिकत मोठी मजेची आहे आणि प्रयोगशाळेत शिकणाऱ्याने पाठ करावी अशी आहे. प्लेगचा जंतू शोधायला तिथे दोघे जण पोचले. एक जपानचे किटासाटो, मोठे नाव, बर्लिनला खुद्द कॉख यांच्या हाताखाली शिकलेले. बरोबर मदतनीस आणि सगळे सामानसुमान. इस्पितळातली जागा, प्रेते, सोयी सगळ्या त्यांना मिळाल्या. दुसरा अलेक्झांडर येर्सिन, पाश्चरच्या संस्थेतला, जवळजवळ एकटाच. त्याला प्रेतागारात कोणी शिरू देईना. त्याने गवताची झोपडी बांधली, तीत आपला सूक्ष्मदर्शक मांडला, आणि प्रेते पुरायचे काम ज्या खलाशांकडे होते त्यांच्या हातावर पैसे ठेवून एका प्रेताच्या गाठीतला अंश मिळवला. किटासाटो रोग्यांच्या रक्तात जंतू शोधण्यावर भर देत होते. येर्सिनने थेट गाठ कापली. गाठीच्या लगद्यात तर त्या जंतूंचा नुसता चिखल होता, दुसरे काही नाहीच म्हणा ना.

आणखी एक गंमत. किटासाटोंकडे जंतू वाढवायची उबदार पेटी होती, माणसाच्या अंगाइतकी ऊब कायम ठेवणारी. येर्सिनकडे ती नव्हती. त्याच्या नळ्या झोपडीतल्या हवेवरच राहिल्या. पण प्लेगचा जंतू अंगाच्या उबेपेक्षा थोड्या कमी उबेतच जोमाने वाढतो! गरिबाच्या झोपडीत तो छान रुजला. किटासाटोंच्या उबदार पेटीत इतर जंतूंनाही चांगले फावते, आणि त्यांच्या वर्णनात पुढे घोळ झाला तो बहुधा दुसरे जंतू मिसळल्यामुळेच, असे अभ्यासक मानतात. किटासाटो काही लहान शास्त्रज्ञ नव्हते. धनुर्वाताचा जंतू पहिल्यांदा निर्भेळ वाढवला तो त्यांनीच, १८८९ मध्ये. तरीही आज प्लेगच्या जंतूला नाव आहे ते येर्सिनचे.

निर्भेळ वाढवणे हा शब्द मी वापरला. तो उलगडून सांगतो, कारण या सगळ्या विद्येचे मर्म त्यातच आहे. घरातल्या बाईला हे डॉक्टरपेक्षा लवकर समजेल. विरजण लावताना आपण काय करतो? दूध तापवतो, म्हणजे त्यातले आगंतुक जंतू बरेचसे मरतात. मग कोमट झाल्यावर चमचाभर चांगले दही घालतो. उबेत ठेवतो. सकाळी दही लागते. विरजणच खराब असेल, भांडे नीट घासलेले नसेल, दूध फार गरम नाहीतर फार गार असेल, तर दही तारेचे होते, आंबूस वास येतो. प्रयोगशाळेतही हेच. फरक एवढाच की तिथे विरजण म्हणजे रोग्याच्या अंगातला अंश, आणि त्यात एकाच जातीचे जंतू वाढले पाहिजेत. पातळ रसात दहा जाती वाढल्या तर त्या वेगळ्या कशा काढणार? म्हणून कॉखने जंतू घट्ट पृष्ठावर वाढवायची रीत काढली. सुईच्या टोकाने अंश पसरायचा, म्हणजे एकेक जंतू सुटा पडतो आणि जिथे पडला तिथे त्याच्या वंशाचा एक ठिपका उमटतो. एका ठिपक्यात एकच कूळ.

आधी हे पृष्ठ जिलेटीनचे करीत. उन्हाळ्यात ते वितळून पाणी होई. कॉखच्या प्रयोगशाळेत हेसे नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीने, फॅनी हेसे यांनी, आपल्या स्वयंपाकघरातला पदार्थ सुचवला. समुद्राच्या शेवाळापासून निघणारा अगार. आपल्या वाण्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो आणि ज्याची दुधातली वडी करतात, तोच. एकदा थिजला की आपल्या वैशाखातही वितळत नाही. ही १८८१-८२ ची गोष्ट. आज जगातल्या झाडून साऱ्या प्रयोगशाळांत तो पदार्थ आहे, त्या बाईंचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

जंतू ओळखायची दुसरी रीत रंगाची. काचेच्या पट्टीवर अंश पसरायचा, सुकवायचा, रंग चढवायचा. ग्राम नावाच्या डेन्मार्कच्या डॉक्टराने १८८४ मध्ये दाखवले की एक जांभळा रंग दिला आणि मग मद्यार्काने धुतला, तर काही जंतू रंग धरून ठेवतात आणि काही सोडून देतात. सोडणाऱ्यांना मग लाल रंग द्यायचा. झाली, एका घटकेत जंतूंची दोन घराणी वेगळी झाली. प्लेगचा जंतू रंग सोडणाऱ्यांतला. शिवाय योग्य रंग दिला तर त्याची दोन टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. धनुर्वाताचा जंतू जांभळा राहतो आणि एका टोकाला गोल बोंड येऊन ढोलाच्या टिपरीसारखा दिसतो. हे बोंड लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता मुंबईकडे वळू. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने कलकत्त्याहून वॉल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ओडेसाचा ज्यू, पाश्चरच्या संस्थेत काम केलेला, पटकीवरची लस बंगालमध्ये टोचून आलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक पडवी मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर त्याने तीन महिन्यांत लस केली. कशी केली ते ऐका. मटणाचा रस्सा गाळून काचेच्या चंबूत घ्यायचा आणि वर तुपाचे थेंब सोडायचे. होय, आपले साजूक तूप! प्लेगचे जंतू त्या तरंगत्या तुपाला धरून वाढतात आणि खाली पारंब्या सोडतात. चंबू हलवला की पारंब्या तळाशी बसतात, वर पुन्हा नव्या येतात. असे काही आठवडे. मग तो चंबू ठरावीक उष्णतेवर तासभर तापवायचा म्हणजे जंतू मरतात, आणि थोडे कार्बोलिक घालायचे. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, पण शरीर त्यांची ओळख ठेवते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. दंड सुजला, ताप भरला, आणि उतरला.

लस बाधत नाही हे एवढ्यावरून कळले. उपयोगी पडते हे कसे कळायचे? त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपखुशीने तयार झाले, साधारण निम्मे, त्यांना टोचले. बाकीच्यांना नाही. अन्न तेच, कोठड्या त्याच, पाणी तेच. पुढे न टोचलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले, त्यांतले सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, दोघेही वाचले. शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे हे इतके साधे, पण त्या काळी ते करणारे फार थोडे होते. आजही गावात एखादे औषध गुणकारी म्हणून कोणी सांगितले, की ते न घेतलेल्यांचे काय झाले हे विचारायचे आपण विसरतो.

पण लोक सहजासहजी टोचून घ्यायला तयार नव्हते, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुण्यात १८९७ च्या मार्चपासून गोरे सोल्जर घरात घुसून झडती घेत होते, देवघरात बूट घालून शिरत होते, बायाबापड्यांना चव्हाट्यावर तपासत होते. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली ती या संतापातून. ज्या सरकारचा शिपाई असा वागतो, त्याच सरकारची सुई हातात कोण टोचून घेईल? सातारा, कऱ्हाड, वाईकडे लोक माळावर जाणे पसंत करीत ते काही केवळ अडाणीपणाने नव्हे. माळावर जाण्याने जीव वाचतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि सुईबद्दल फक्त ऐकले होते. हळूहळू सुईवरही विश्वास बसू लागला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी वाड्यात प्लेगची मोठी प्रयोगशाळा थाटली गेली. तिथून देशभर बाटल्या जाऊ लागल्या. तीच आजची हाफकिन संस्था.

आणि मग ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ती दुर्घटना घडली. गाव आपल्यापासून फार लांबचे, पण बाटली आपल्या परळची होती, आणि तिचे पडसाद दख्खनच्या खेड्यांतही उमटले.

३० ऑक्टोबरला त्या गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचले. सात-आठ दिवसांनी त्यांतल्या काहींचे जबडे आखडले, अंग धनुष्यासारखे वाकले. धनुर्वात! एकोणीस जण मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी एकालाही काही झाले नाही. चौकशी बसली. हाफकिनने मधल्या काळात, पंजाबची मोठी मागणी पुरी करण्यासाठी, लस करण्याची रीत थोडी बदलली होती आणि कार्बोलिक घालणे सोडले होते. समितीने त्यावर बोट ठेवले. दोष प्रयोगशाळेचा ठरला, हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले, आणि देशभर बोलबाला झाला की प्लेगची सुई माणूस मारते.

पण नीट पाहणारी माणसे होती. हिवतापाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांत पुढे होते. त्यांचा मुद्दा कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असा आहे. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. परळला बाटली भरतानाच तो आत गेला असता, तर इतके दिवस बंद बाटलीत वाढून त्याने घाण वास सोडला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टराला वास आला नव्हता. शिवाय बाटलीत विष तयार असते तर माणसे लवकर आजारी पडली असती. इथे सात-आठ दिवस गेले, म्हणजे जंतू नुकताच आत गेला होता आणि माणसाच्या दंडात वाढला. मग तो गेला केव्हा? बाटली उघडताना. मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्यानेच बूच काढले. मघाचे टोकाचे बोंड आठवते ना? तो त्या जंतूचा बीजकोश. वाळलेल्या मातीत वर्षानुवर्षे टिकतो, थोडा वेळ उकळले तरी दाद देत नाही. मग कार्बोलिकच्या पाण्यात क्षणभर बुचकळून काय होणार? तो चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता.

१९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंतांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिनची बाजू मांडली आणि सरकारने त्याला पुन्हा नोकरीवर घेतले. पाच वर्षे गेली होती. गेलेली माणसे गेलीच. आणि टोचणीच्या भीतीने ज्यांनी दंड पुढे केला नाही, त्यांच्या मरणाची कोणी मोजदाद ठेवलेली नाही. १९०७ साल तर प्लेगचे सगळ्यात भयंकर साल ठरले. त्या एका वर्षात हिंदुस्थानात दहा लाखांवर माणसे प्लेगने मेली, त्यांत पंजाबातली सर्वांत जास्त. मला स्वतःला समितीपेक्षा त्या पडलेल्या चिमट्याचा विचार जास्त सतावतो. मदतनीस काही दुष्ट नव्हता. त्याला वाटले, बुचकळला की झाले. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता उंदराकडे परत येऊ. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीला एक प्रयोग केला. काचेच्या बरणीत आजारी उंदीर ठेवला, त्याच्या अंगावर पिसवा होत्या. शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर, असा की दोघांचा स्पर्श होऊ नये, पण पिसूला उडी मारता यावी. आजारी उंदीर मेला. प्रेत गार पडले की पिसवा त्यावर थांबत नाहीत, हे आपल्याकडे कोंबडी नाहीतर कुत्रे मेल्यावर कोणीही पाहिलेले असते. पिसवा उड्या मारून जाळीतून पलीकडे गेल्या. पाच-सहा दिवसांत तो दुसरा उंदीरही प्लेगने मेला. प्रयोग इतका स्वच्छ, पण सरकारी कमिशनने तो मानला नाही. रोग जमिनीतून येतो, घाणीतून येतो, पायाच्या खरचटण्यातून शिरतो, असेच चालू राहिले. घरे कार्बोलिकने धुण्यावर पैसा ओतला गेला. त्याने उंदीर मात्र बिथरून शेजारच्या घरी गेले!

पुढे मुंबईत लिस्टन नावाच्या डॉक्टराने ज्या घरात उंदीर मेले होते तिथे गिनीपिग मोकळे सोडले. थोड्या वेळाने त्यांच्या अंगावर पिसवा चढल्या, आणि त्या माणसाच्या पिसवा नव्हत्या, उंदराच्या होत्या. उंदीर संपले म्हणून उपाशी पिसवा मिळेल त्या अंगावर चढत होत्या. १९०५ पासून नव्या मंडळाने परळला हे पक्के केले. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. प्लेगच्या घरात जनावरांचे पिंजरे ठेवले आणि काहींच्या भोवती सहा इंच रुंद चिकट कागद पसरला. पिसूची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही. कागदाच्या आतली जनावरे वाचली. हवा तीच, घर तेच, मेले ते चिकट कागद नसलेले. काय लागले याला? कागद, डिंक आणि डोके.

म्हणजे आमच्या आज्यांचे बरोबर होते. उंदीर पडला की गाव सोडायचे. त्यांचे चुकत होते ते एवढेच, की जाताना अंथरुणे आणि धान्याची पोती बरोबर नेत, आणि त्यांत कधी पिसवाही जात. ही अर्धी चूक कुठे आहे ते प्रयोगशाळेने दाखवले. सामान उन्हात नीट तापवून मगच झोपडीत न्या, मेलेला उंदीर हाताने उचलू नका, त्यावर रॉकेल टाकून जाळा, असे पुढे गावोगाव सांगितले गेले. औषधे तर फार नंतर आली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, आणि त्यापुढे वेळेवर ओळखलेला प्लेग हा बरा होणारा रोग झाला. वेळेवर ओळखलेला, हे शब्द महत्त्वाचे.

कारण ओळखण्यात आजही गोंधळ होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराच्या आत, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पडू लागले आणि मग गाठीचे रोगी निघाले. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी आली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली, थेट १८९६ च्या मुंबईसारखी. तो प्लेग होता की नव्हता यावर तज्ज्ञांत पुष्कळ दिवस वाद चालला. वादाचे मूळ रोग्यांपेक्षा नमुन्यांत होते. जंतू निर्भेळ वाढवून खात्री करून घ्यायला वेळ लागला, आणि तोवर अफवा गाडीच्या टपावर बसून पुढे गेली होती.

शेवटी आपल्या मिरजेची गोष्ट सांगतो, कारण प्लेग आता आपल्याकडे दिसत नाही, पण नमुना घेण्याचे काम रोजचेच आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये सांगलीला आले, मग मिरजेला गेले. १८९४ मध्ये त्यांचे इस्पितळ उभे राहिले आणि प्लेगच्या त्याच १८९७ सालात त्यांनी वैद्यकीय शाळाही काढली. क्षयाच्या रोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर १९२० मध्ये त्यांनी आरोग्यधाम उभारले. त्या जागेला आजही वॉन्लेसवाडी म्हणतात. उघडी हवा, खाट, दूध, अंडी, विश्रांती. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. जंतू मात्र कॉखने १८८२ मध्येच दाखवला होता. हा जंतू मेणचट अंगाचा, साधा रंग घेत नाही. तापवून लाल रंग पाजला की मग आम्लानेही सोडत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. १९६२ मध्ये मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी आरंभीच ज्या पट्ट्या पाहायला शिकतात त्यांत या लाल काड्या असतात. आता जंतूचा अंश आणि त्याला कोणते औषध लागू नाही हे दोन तासांत सांगणारी यंत्रेही जिल्ह्याच्या ठिकाणी आली आहेत.

पण यंत्रात काय घालायचे? डबीत थुंकी आली तर यंत्र थुंकीच तपासणार. येर्सिनने रक्त सोडून गाठ कापली, तसेच हे आहे. क्षयाचा जंतू तोंडात नसतो, छातीत असतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन, छातीच्या तळातून खोकून काढलेला बेडका हवा. घट्ट, पिवळसर. फेसाळ पाण्यासारखी लाळ नको. डबीचे झाकण आतून हाताळायचे नाही. नाव डबीच्या अंगावर लिहायचे, झाकणावर नव्हे, कारण झाकणांची अदलाबदल होते. खोकायचे ते उघड्यावर, माणसांपासून दूर. माण-खटावकडच्या किंवा जतच्या एखाद्या आरोग्य केंद्रात तुम्ही सकाळी गेलात, तर तंत्रज्ञ बाई डबी उजेडात धरून बघताना दिसतील. पुष्कळदा त्या डबी परत करतात. दहा मैलांवरून आलेला म्हातारा वैतागतो, आमच्या वेळी असले नखरे नव्हते म्हणून पुटपुटतो. बाई दुसरी डबी देतात आणि म्हणतात, बाबा, त्या लिंबाखाली जाऊन बसा, दम घ्या, आणि छातीतनं काढा. म्हातारा काठी टेकत लिंबाकडे जातो. थोड्या वेळाने तिकडून खोकल्याचा आवाज येतो.